जनार्दनचा तोतया

आमच्या जनार्दनला खऱ्या माणसाशी बोलण्याआधी एक खोटा माणूस लागतो. आणि तो खोटा माणूस बहुतेक वेळा मी असते.

मुरबाडला एस.टी. स्टँडमागच्या एका खोलीत बसून आम्ही दोघं प्रोग्राम लिहितो. म्हणजे मी लिहिते, तो तपासतो आणि तपासताना डोकं खातो. एकदा गॅस एजन्सीचं काम होतं. माझ्या प्रोग्रामनं मेसेज पाठवणारा भाग आपल्याच पोटात तयार केला होता. चाचणी घेतली आणि खऱ्याखुऱ्या गिऱ्हाइकांना मेसेज गेले, 'तुमचा सिलेंडर निघाला आहे.' माणसं रिकामे सिलेंडर घेऊन आपापल्या दारात उभी! जनार्दन कपाळाला हात लावून बसला.

"ताई, मेसेजवाला भाग पोटात नका बनवू. बाहेरून हातात द्या. म्हंजे चाचणीला मला खऱ्याच्या जागी तोतया देता येतो. तो मेसेज पाठवत नाय, नुसता 'पाठवला' म्हनतो."

मेल्याचं बरोबर होतं. पण हे खूळ कामापुरतं राहील तर शपथ! घरमालकाशी नळाबद्दल बोलायचं, तर आधी मी घरमालक. दात काढायचा, तर आधी मी डॉक्टर. माझी उत्तरं तो ठरवणार. एक शब्द जास्त बोलले की, "ताई, तोतयानं डोकं नाय चालवायचं."

परवा खुर्ची ओढून म्हणाला, "आज तुमी माझे बाबा."

त्याचे बाबा म्हसा गावाजवळ एकटे राहतात. हा शेती सोडून कॉम्प्युटरकडे वळला, तेव्हापासून बाप-लेकात बोलणं नाही. आता म्हाताऱ्याला नीट दिसेना. याला त्यांना आपल्याकडे आणायचं होतं, आणि ते नाही म्हणतील या भीतीनं याची झोप उडाली होती.

मला एकच वाक्य दिलं होतं, "तू माझा कोन?" सकाळपासून ते मी रागानं म्हटलं, कुत्सितपणे म्हटलं, पाठ फिरवून म्हटलं. प्रत्येकाला याचं उत्तर तयार. माफीसुद्धा तोंडपाठ.

दुपार झाली, तरी आमचे डबे बांधलेलेच. मला कंटाळा आला, आणि खरं सांगते, पोराची कीवही आली. तो पुन्हा दारातून आत आला, "बाबा" म्हणाला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "जेवलास का रे?"

वाटलं, आता ओरडणार. तो उंबऱ्यातच थांबला. डोळे भरून आले त्याचे.

"ताई, असं इचारलं तर मी काय बोलू?"

"'नाय जेवलो' म्हण," मी म्हटलं. माझाही डबा त्याच्या पिशवीत घातला आणि त्याला म्हशाला जाणाऱ्या जीपमध्ये बसवून दिलं.