मास्तरीणबाईंनी केंद्र झाडलं

केस कापून, दाढी करून मास्तर गल्लीत शिरले आणि समोर बघून मटकन पायरीवर बसले. त्यांचं निसर्ग केंद्र गायब झालं होतं! कुंपण होतं, पाट्या होत्या. मधलं सगळं साफ.

गल्लीच्या टोकाचा तो जुना उकिरडा. निवृत्त झाल्यावर मास्तरांनी एकट्यानं उपसला, तिथे रानगवत वाढू दिलं, पाचोळा साठवला, कुजके ओंडके आणून टाकले आणि मुलांना कळावं म्हणून प्रत्येकापुढे पाटी लावली. आज पालिकेच्या अधिकारी बाई पाहणीला येणार होत्या. पसंत पडलं तर जागा केंद्राला, नाहीतर वाहनतळाला.

"कसं लख्ख केलंय?" मास्तरीणबाई घाम पुसत म्हणाल्या. "बाहेरचं माणूस येणार, आणि हा एवढा केर? अख्ख्या गल्लीला कामाला लावलं. पाट्या मात्र पुसून जागच्या जागी ठेवल्यात हं!"

उघड्या मातीत एक पाटी ऐटीत उभी होती : 'इथे फुलपाखरं अंडी घालतात.'

"अगं, ओंडका कुठाय?"

"तो भुसभुशीत? शिंप्यानं नेऊन टाकला. काय किडे निघाले त्यातून, शी!"

"ते किडेच दाखवायचे होते गं!" मास्तरांचा आवाज चिरकला. "तेच तर केंद्र होतं!"

मास्तरीणबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. नवरा इतकी वर्षं उन्हातान्हात राबला आणि आपण एका सकाळीत त्यावर पाणी फिरवलं. त्यांना रडूच कोसळलं. पण रडत बसणाऱ्यांतल्या त्या नव्हेतच. "चला रे सगळे!" असं ओरडून त्या पलीकडच्या कोपऱ्याकडे धावल्या, मागोमाग मास्तर आणि अख्खी गल्ली. सकाळचा सगळा केर तिथल्या कचऱ्याच्या ढिगावर गेला होता.

"हा आपला ओंडका ना?" पोस्टमननं विचारलं.

"छे हो, हा कुणाच्या तरी पलंगाचा पाय!" शिंपी म्हणाला. "अन् ते गवत हलकं धरा, पानाखाली अंडी आहेत!"

"इथे काय चाललंय?" मागून आवाज आला. अधिकारी बाई!

मास्तरीणबाईंनी तळहात पुढे केला. त्यावर गांडूळ वळवळत होतं. "हे शोधतोय. हे माती भुसभुशीत करतं म्हणे. आमचे हे रोज जेवताना सांगायचे, मी नुसतं हं हं करायचे. आज मीच सगळं झाडून टाकलं हो. मला काय बोलायचं ते बोला, पण ह्यांची जागा घेऊ नका."

"अरे देवा! ती सपाट जागा तुमची होय? वाहनतळाला उत्तम आहे, असं मी आत्ताच फोनवर कळवलं."

"मग परत लावा की फोन!" मास्तरीणबाई कडाडल्या.

अधिकारी बाईंनी एकवार सगळ्यांकडे पाहिलं. शिंप्याच्या ओंजळीत पाचोळा होता आणि पोस्टमन अखेर सापडलेला ओंडका तान्ह्या बाळासारखा छातीशी धरून उभा होता. त्यांना हसू आवरेना. त्यांनी फोन लावला. "हो, मीच. वाहनतळ राहू दे. केंद्रच होऊ दे तिथे." मग मास्तरांकडे वळून म्हणाल्या, "पण एक अट. देखरेख ह्या बाई करतील. ह्यांच्या हातून आता तिथे खराटा फिरायचा नाही."

मास्तरांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते केंद्रात शिरले. वाटेत एक वाळकं पान पडलं होतं, ते त्यांनी सहज वाकून उचललं.

"अहो!" आतून आवाज आला. "कुणाला विचारून उचललंत? ठेवा ते खाली!"

मास्तरांनी पान मुकाट्यानं होतं तिथे ठेवलं. देठ कुठल्या बाजूला होता, तेवढं मात्र त्यांना काही केल्या आठवेना.