सहा वाजताचं कारलं

सकाळी सहाला दिल्लीतल्या आमच्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरची बेल वाजली की मी पांघरूण डोक्यावरून घेई. उपयोग नसे. दारात खालच्या मजल्यावरचे मेश्रामसाहेब उभे, एका हातात किटली, दुसऱ्यात ग्लास. "पाटणकर, गटागट. विचार करू नका."

किटलीत कारल्याचा रस असे. माझी शुगर उत्तम होती. तसं सांगितलं तर म्हणत, "मग ती तशीच राहू द्या." या माणसाशी वाद घालून कुणी जिंकल्याचं मला ठाऊक नाही.

साहेब मूळचे भंडाऱ्याचे, सेक्शन ऑफिसर. कारलं खडबडीतच हवं, गुळगुळीत दिसलं की भाजीवाल्याला सुनावत, "ये तो सिर्फ दिखावा है." आमच्याकडे आले की उभ्या उभ्या पायपुसणं सरळ करत, घड्याळ बघत, आणि ग्लास रिकामा झालेला वाकून तपासत. मग समोरचे शर्माजी, मग वरचे नायर नवरा-बायको. शर्माजी एकदा बाथरूममधूनच म्हणाले, "मेश्रामजी, आज रहने दीजिए." साहेबांनी जिन्यात वीस मिनिटं येरझाऱ्या घातल्या आणि त्यांना पाजूनच खाली उतरले. "नंतर घेतो" एवढं मात्र त्यांना सोसत नसे. मी एकदा म्हणालो, तर त्यांचा चेहरा असा पडला की मी घाबरून प्यायलो.

त्या वर्षांत सगळ्यांनाच घाई सुटली होती. गाडी घ्या, केबल घ्या, गुडगावला फ्लॅट बुक करा. साहेब रिटायर झाले आणि मुलाच्या सातव्या मजल्यावरच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. खरं सांगतो, सुटलो असंच वाटलं मला.

दोन महिन्यांनी एका रविवारी सकाळी बायको आणि दोन्ही मुलांना घेऊन भेटायला गेलो. दार मेश्रामवहिनींनी उघडलं. पायाला बँडेज होतं. साहेब किटली घेऊन खाली गेले होते.

"इथं कुणी दार उघडत नाही," वहिनी म्हणाल्या. "गार्डकडे तक्रारी गेल्यात. चूक माझीच हो. शुगर निघाली तेव्हा मी म्हटलं, ही शिक्षा मला एकटीलाच काहून? आणखी चौघं पितील, तरच मी पिईन. थट्टेत बोलले. हे दुसऱ्या दिवशी किटली घेऊन निघालेच. परत येऊन कोण कोण प्यायलं ते सांगायचे, मग मी प्यायची. आता म्हणते, एकटी पिते, गोळ्या चालूच आहेत. पण शब्द मोडला तर मला काही होईल असं यांच्या मनानं घेतलंय. जखम भरेना, तेव्हापासून तर यांच्या पायाला भिंगरी लागलीय."

इतकी वर्षं मी या माणसाला चक्रम समजत होतो. मला स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात साहेब आले. किटली भरलेलीच. मला बघून हसले, पण प्या म्हणाले नाहीत. पाहुण्याला कसं सांगायचं, असं बहुधा वाटलं असावं.

"ओता," मी म्हटलं.

मी प्यायलो. बायको प्यायली. मुलगी नाक दाबून प्यायली. धाकटा म्हणाला, "बाबा, मी बिल्कुल नाही." मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तेव्हा त्यानंही डोळे मिटून ग्लास संपवला.

साहेबांनी आम्हा चौघांकडे एकेक करून पाहिलं. मग वहिनींसाठी इतक्या घाईनं ओतायला घेतलं की रस टेबलावर सांडू लागला. वहिनींनी त्यांचं मनगट धरलं.

"मी कुठं जात नाही हो," त्या म्हणाल्या. "सावकाश ओता."