मा झेलीन माफी मागत नाही

सुइणींना परवाना सक्तीचा करणाऱ्या विधेयकावर विधानसभेत चर्चा चालली होती आणि बेटावरची जुनी सुईण मा झेलीन प्रेक्षकांच्या पहिल्या बाकावर बसून ऐकत होती. "या अडाणी बायकांच्या हाती आपली लेकरं द्यायची?" असं फाँतेन नावाच्या सदस्याने तावातावाने विचारलं, तेव्हा तिच्याच्याने राहवलं नाही.

"अरे फाँतेन, जन्मलास तेव्हा रडतसुद्धा नव्हतास! याच हाताने उलटा धरून ढुंगणावर चापट दिली, म्हणून आज तोंड उघडतोयस!"

सभागृह खो खो हसलं. अकरापैकी नऊ सदस्य तिच्याच हातचे होते. सभापती दुवेर्नेला मात्र हा अवमान झोंबला. माफी मागेपर्यंत हिला तुरुंगात ठेवा, असा ठराव त्याने तिथल्या तिथे करून घेतला.

"हा अधिकार तुला कुणी दिला रे?"

"लंडनच्या पार्लमेंटला आहे, म्हणून आम्हालाही आहे."

"तू लंडनचं पार्लमेंट? कॅरिबियन समुद्रातलं हे एवढंसं बेट. इथे एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस रुमाल काढतो!"

हा दुसरा अवमान म्हणून लिहून घेण्यात आला.

तुरुंगाधिकारी अँब्रोजने बिचाऱ्याने तिला स्वतःची खाट दिली. तिसऱ्या दिवशी सकाळी सभापती धापा टाकत आला. त्याची सून लुसील अडली होती, मूल पायाळू होतं आणि सरकारी डॉक्टर शेजारच्या बेटावर गेला होता.

"मा झेलीन, चला. आत्ताच्या आत्ता सोडतो."

"ठराव कुठाय? सभागृहाने आत टाकलंय मला. तुझ्या एकट्याच्या शब्दावर बाहेर पडले तर तिसरा अवमान व्हायचा."

"कागदाशिवाय मलाही सोडता येणार नाही, साहेब," अँब्रोज म्हणाला.

"मग माफी तरी मागा! एक शब्द!"

लुसीलसाठी तिचा जीव तुटत होता. पण आज माफी मागितली, तर उद्या बेटावरची एकही बाई त्या सभेत तोंड उघडणार नाही, हेही तिला दिसत होतं.

"माफी मागणार नाही आणि बाहेरही येणार नाही. पोरीला इकडे आण. तिला आत यायला कुणाची बंदी आहे?"

लुसीलला झोळीतून आणलं. तिच्या पाठोपाठ सभापतीने अकराच्या अकरा सदस्य बोलावले आणि सुटकेचा ठराव तिथेच मांडला. तुरुंगात सभा भरवता येते का, अशी हरकत फाँतेनने घेतली. त्यावर सगळे एकदम ओरडू लागले. आत लुसीलला कळा देणं जमेना.

बाह्या सारून मा झेलीन दारात आली. "चला, व्हा बाहेर!"

"मी सभापती आहे!"

"असशील. इथे काम चाललंय आणि तुमच्या गोंधळाने ते होत नाहीये." तिने त्याला खांद्याला धरून अंगणात काढलं, मागोमाग बाकीच्यांनाही. "अँब्रोज, दार लाव!"

अँब्रोजने कागद न मागता दार लावलं.

तासाभराने रडणं ऐकू आलं. हात पुसत ती बाहेर आली.

"नातू झालाय. दोघं सुखरूप आहेत."

दुवेर्नेचे डोळे भरून आले. "ठराव मंजूर झालाय, मा झेलीन. तुम्ही मोकळ्या आहात."

"ते राहू दे. गोंधळ घातलात म्हणून मी तुम्हाला बाहेर काढलं. काम व्हायला तेवढा अधिकार पुरला. तुमच्यातल्या एकालाही कोंडावं लागलं नाही."

दुवेर्नेने हळूच विचारलं, "आत येऊ का?"