मुखरूने दिलेला धीर

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी सकाळी गुणवंतरावांचा आवाज बसला आणि सावलटोल्याच्या भजनमंडळावर संकट कोसळलं.

नदीपलीकडच्या मार्कंड्याच्या यात्रेला पायी जाणाऱ्या लोकांची हे मंडळ दरवर्षी गावाबाहेरच्या चिंचेखाली सेवा करत असे. आलेल्यांना गार पाणी द्यायचं, पाय धुऊन जवसाचं तेल लावायचं, भात-वरण जेवू घालायचं आणि शेवटी धीर द्यायचा. हा धीर गुणवंतराव देत. बेचाळीस साली चिमुरात त्यांनी भाषणं ऐकली होती. तेव्हापासून चार माणसं एका जागी बसलेली दिसली की त्यांना उभं राहून बोलावंसं वाटे. ते बोलू लागले की थकलेले यात्रेकरू उठून चालायला लागत. ऐकून उठत की ऐकणं टाळायला उठत, यावर गावात दोन मतं होती, पण उठत एवढं खरं.

आता आवाजच नव्हता. लटारू वरणाच्या गंजाजवळ, त्या मोठ्या पातेल्यापाशी, हवा होता, बाकीचे पाण्याला आणि पत्रावळींना. मोकळा होता तो फक्त मुखरू शिंपी. मागच्या साली त्याला तेल लावायला बसवलं होतं, तर त्याने एका म्हाताऱ्याला इतक्या गुदगुल्या केल्या की म्हातारा तांब्या घेऊन त्याच्या मागे लागला होता. म्हणून या साली त्याला कुठलंच काम नव्हतं.

गुणवंतरावांनी त्याला जवळ ओढलं आणि कानाशी लागून, फुटक्या बासरीतून वारा जावा तशा आवाजात, एकच गोष्ट पाठ करायला सांगितली. "देव मंदिरातच आहे असं नाई. तुमी जिथी बसले तिथीच थो आहे. अन् तुमी उठले का तुमच्यासंगं चालते. म्हनून उठा अन् चाला."

मुखरू घरी आला आणि शिवणयंत्रावर बसून घोकू लागला. त्याची बायको रुखमाबाई तांदूळ निवडत होती.

"कापड नाई, दोरा नाई, अन् पाय काऊन हालवून राह्यले?" तिने विचारलं.

"धीर द्याचा आहे," मुखरू म्हणाला.

"कोनाले?"

"यात्रेकरूले."

रुखमाबाईने त्याच्याकडे पाहिलं. वीज कडाडली की हा माणूस यंत्राखाली जाऊन बसे. "देव त्याईचं भलं करो," ती म्हणाली आणि पुन्हा तांदळाकडे वळली.

ऊन चढता चढता पहिला जथा आला. ही माणसं राजुऱ्याकडून निघालेली होती, बहुतेक बाया आणि थोडे पुरुष. सगळ्यांच्या पुढे सुगंधाबाई नावाची एक म्हातारी होती. उंच, वाळलेली, पाय अनवाणी. ती थांबली की जथा थांबे, तिने तांब्या तोंडाला लावला की मगच इतर पाणी पीत. सगळ्यांनी पाणी घेतलं, पाय धुतले, जेवणं झाली. गुणवंतरावांनी मुखरूला पाठीत कोपर मारलं.

मुखरू उभा राहिला. इतके डोळे त्याच्याकडे एकदम कधीच लागले नव्हते.

"देव," तो म्हणाला आणि थांबला. मग घाईने म्हणाला, "देव मंदिरातच आहे असं नाई. तुमी जिथी बसले तिथीच थो आहे."

एवढं म्हणताच त्याची नजर सुगंधाबाईवर गेली. म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पाहून मुखरूच्या डोक्यातलं पुढचं सगळं पुसलं गेलं. तो तोंड उघडं ठेवून तसाच उभा राहिला आणि मग खाली बसला.

"आयका वो बायानो," सुगंधाबाई सावकाश म्हणाली. "भाऊनं काय सांगतलं? आपुन बसलो तिथीच देव आहे. मंग पुढं कायले जावाचं?"

तिने गाठोडं सोडलं, चिंचेच्या मुळाशी पडलेला एक दगड उभा केला, त्याला कुंकू लावलं आणि हात जोडले. बाकीच्यांनीही गाठोडी सोडली. कोणीतरी झांज काढली आणि भजन सुरू झालं.

मुखरूला आधी बरं वाटलं. मग गुणवंतरावांचा चेहरा दिसला. मग हळूहळू सगळंच लक्षात यायला लागलं. ही माणसं आज नदी उतरून पलीकडे गेली नाहीत तर उद्या पहाटेची त्यांची नवसाची आंघोळ चुकणार. मधे जंगल. दिवस बुडाला की नावाडी डोंगा सोडत नाही. म्हणजे सूर्य थोडा कलला की निघायलाच हवं. आणि इतक्या लांबून पायी आलेल्यांचा नवस मोडला तर ते पाप कोणाच्या माथी? वरण शिजवणाऱ्या लटारूच्या तर नक्कीच नाही.

तो सुगंधाबाईजवळ जाऊन उकिडवा बसला.

"बाई, देव इथी आहे हे खरं. पन तिथी जरा जास्त आहे."

"जास्त म्हंजे?"

"म्हंजे इथी थोडासा आहे."

सुगंधाबाईने त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. "भाऊ, देव का गुळाची भेली आहे? इथी चिमूटभर अन् तिथी ढेकूळभर?"

शेजारच्या बायांनी मान डोलावली. मुखरूलाही ते पटलं, हीच अडचण होती.

तेवढ्यात दुसरा जथा आला. त्यांनी चिंचेखाली कुंकू लावलेला दगड पाहिला, भजन ऐकलं. काय आहे म्हणून विचारलं. राजुऱ्याच्या बायांनी सांगितलं, आणि तेही बसले. मग तिसरा आला. तोवर गावातला दुकानदार लच्छू टोपलीभर नारळ घेऊन चिंचेच्या दुसऱ्या बाजूला बसला होता.

"तू इथी काऊन?" मुखरूने विचारलं.

"देवाजवळ नारळ लागतेच," लच्छू म्हणाला. "अन् तू त्याईले उठवाची घाई नको करू. थकले आहेत बिचारे."

लटारू पळी घेऊन आला. त्याच्या कपाळावर घाम होता. "मुखरू, गंजाचा तळ दिसून राह्यला. हे लोक संध्याकाळी पुन्हा जेवतीन, अन् घरी भात नाई. तुनं बसवले, आता तूच उठव."

मुखरूने गुणवंतरावांकडे धाव घेतली. गुणवंतराव स्वतःच पुढे आले. आवाज नसला म्हणून काय झालं, असं त्यांच्या चालीतून दिसत होतं. ते चिंचेखाली उभे राहिले आणि दोन्ही हात उंच करून 'उठा, उठा' अशी खूण करू लागले. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता.

गर्दीतल्या एका माणसाने हात जोडले. "मौनी बाबा आहेत," तो म्हणाला.

गुणवंतरावांनी जोरात मान हलवली. लोकांना ती नम्रता वाटली. त्यांनी बोटाने मार्कंड्याचा रस्ता दाखवला, तर लोकांनी 'देव एकच आहे, एकच' असं म्हणत त्या बोटाला नमस्कार केला. ते चिडून हात झटकू लागले, तेव्हा पुढच्या रांगेतल्या बाया आशीर्वादासाठी वाकल्या. गुणवंतराव मागे सरकत चिंचेच्या बुंध्याला टेकले आणि तिथेच खाली बसले. लच्छूने त्यांच्यापुढे एक नारळ ठेवला.

सूर्य चिंचेच्या शेंड्यावरून उतरायला लागला होता. एवढ्यात जंगलातल्या टोल्यावर, एका लहानशा वस्तीत, राहणारा इसरू बैलगाडीतून पळसाच्या पानांच्या पत्रावळी घेऊन आला. गावाला पत्रावळी दरवर्षी तोच पुरवायचा. गाडी सोडता सोडता तो म्हणाला, "वाटेवरच्या नाल्याजवळ वाघाचा माग आहे. ताजा आहे. जानाऱ्याईनं उजेडातच जावं."

मुखरूला उपाय सापडल्यासारखं वाटलं. तो पुन्हा चिंचेखाली गेला. "बायानो, इथी वाघ येते. संध्याकाळीच येते. ह्या चिंचेखालीच."

"येऊ दे," सुगंधाबाई म्हणाली. "देवाजवळ बसलेल्या मानसाले वाघ काय करते?"

आता मात्र मुखरूचं उरलंसुरलं अवसानही गेलं. वाघ चिंचेखाली येतो हे त्याने स्वतःच बोलून टाकलं होतं आणि आता त्याला ते खरं वाटायला लागलं होतं. तो म्हातारीच्या समोर मटकन बसला.

"बाई," तो म्हणाला, "मी शिंपी आहे. मले देवाचं काई समजत नाई. मले एक वाक्य पाठ करून देल्लं होतं, त्याचं अर्धं मी इसरलो. मी खुद्द मार्कंड्याले कधी गेलो नाई. माह्या अर्ध्या वाक्यापायी तुमचा नवस बुडून राह्यला. मी घरी जाऊन भाकर कशी खाऊ?"

आणि तो रडायला लागला. झांज वाजवणारीने झांज थांबवली.

सुगंधाबाईने आजूबाजूला पाहिलं, थोडी पुढे वाकली आणि फक्त त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "उगी राय. देव तिथी आहे हे मले समजते. म्हातारी झाली म्हनून मी काई खुळी नाई झाली."

"मंग बसल्या काऊन?"

तिने लुगड्याचा काठ जरासा वर केला. तळपायाला मोठी भेग पडली होती आणि टाच सुजून लाल झाली होती. मघाशी पाय धुताना तिने तो पाय पुढेच केला नव्हता.

"कालपासून चालवत नाई," ती म्हणाली. "नवस मीच बोलली, ह्या साऱ्याईले मीच घराबाहेर काढलं. मी थकली म्हनलं असतं तं ह्या सुना मले वाटेतूनच वापस घेऊन गेल्या असत्या. गाडीत बसली तं नवस मोडते. काय करावं समजत नव्हतं. तू म्हनला देव इथीच आहे. मले वाटलं, देवानंच तुह्या तोंडून सांगतलं का बस बाई आता."

मुखरूने नाक पुसलं. हिला काय सांगावं हे त्याला कोणीही पाठ करून दिलं नव्हतं. तो उठला, घरी पळाला आणि मऊ चिंध्या घेऊन आला. जवसाचं तेल लावून त्याने ती टाच बांधली. या वेळी गुदगुल्या झाल्या नाहीत. मग तो इसरूकडे गेला.

"तुही गाडी नाल्यापलीकडं जाते ना?"

"जाते. तिथून नदी जवळ आहे."

"हळू हाकशीन?"

इसरूने म्हातारीच्या पायाकडे पाहिलं. "बैल थकले आहेत," तो म्हणाला. "हळूच जातीन."

सुगंधाबाई गाडीत बसली नाही. तिने एका हाताने गाडीची मागची लाकडी बल्ली धरली, दुसरा हात मुखरूच्या खांद्यावर ठेवला आणि पहिलं पाऊल टाकलं. ती उभी राहिलेली पाहून तिचा जथा उठला. तो उठला म्हणून दुसरा उठला, दुसरा उठला म्हणून तिसरा. लटारूने गंज पालथा घातला आणि आभाळाकडे पाहून हात जोडले. लच्छू टोपली डोक्यावर घेऊन त्यांच्या मागे निघाला.

नाला जवळ आला तशी झाडं दाट झाली आणि बोलणी कमी झाली. इसरूने बोट केलं. वाळूत माग होता, बशीएवढा. म्हातारीला आधार द्यायला आलेला मुखरू आता तिच्या हाताला इतका घट्ट लोंबकळला की तिलाच दोघांचं वजन ओढावं लागलं.

"खाली नको पाहू," सुगंधाबाई म्हणाली. "माह्याकडं पाह्य. घरी कोन आहे तुह्या?"

"बायको."

"नाव काय?"

"रुखमा."

"भाजी कशी करते?"

"चांगली करते. मिठाले जरा कमी हात आहे."

असं विचारत विचारत तिने त्याला नाला पार करून दिला. पलीकडे गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की ती लंगडत होती आणि एकदाही थांबली नव्हती.

नदीवर पोचले तेव्हा ऊन पाण्यावर आडवं पडलं होतं. पलीकडे मार्कंड्याच्या मंदिरांची शिखरं दिसत होती. इसरू तिथूनच आपल्या टोल्याकडे वळला. शेवटच्या डोंग्यांपैकी एकात ही दोघं बसली. डोंगा हलला की मुखरू डोळे मिटत होता.

पलीकडच्या काठावर यात्रेतली सेवेकरी मंडळी घागरी घेऊन उभी होती. एक तरणा सेवेकरी पुढे आला. सुगंधाबाईचा बांधलेला पाय पाहून तो तिच्यासाठी तांब्या भरू लागला.

"बसा आजी. लांबून आल्या असान. लय थकल्या ना?"

"मी बरी आहे," सुगंधाबाई म्हणाली आणि तिने मुखरूला हाताला धरून पुढे केलं. "याले पहिले द्या. हा सावलटोल्याहून आला."

सेवेकऱ्याने नदीपलीकडच्या जंगलाकडे पाहिलं. सावलटोला त्याला माहीत होता, तिथली माणसं इकडचा बाजार करून दुपारच्या दुपारी परत जात. पण त्याने मुखरूचा चेहरा नीट पाहिला, काही न विचारता त्याला वाळूत बसवलं, पाणी दिलं आणि पाठीवर हात ठेवून म्हणाला, "घाबरू नोका भाऊ. आता पोचले तुमी."

मुखरूने तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि मान डोलावली.