‘मालकांविषयी’ नावाचं पान

"ही सिस्टीम एखादं मांजरसुद्धा चालवेल!" काई-लुननं छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा चुआंग काका माशाचे काटे काढत होते. त्यांनी मानही वर केली नाही.

"आमच्याकडे मांजर नाही," ते म्हणाले.

तैवानातल्या ताइनान शहराच्या बाजारामागे काकांचं माशाच्या सूपचं दुकान होतं. काई-लुन लोकांना वेबसाइट करून द्यायचा आणि काकांच्या मुलीवर, यिन-जूवर, त्याचा जीव जडला होता. म्हणजे ही वेबसाइट कसली, लग्नाच्या बोलण्यांची पूर्वतयारीच ती!

आधी त्यानं वेबसाइट चालवायची नेहमीची मोठी सिस्टीम दाखवली. बटणांची ती लांबलचक रांग बघून काका असे बसले, जणू कुणी त्यांना विमान उडवायला सांगितलंय! दुसरीत सारखे लाल ठिपके उमटायचे. काकूंना वाटलं, दुकानाला सरकारी नोटीस आली. शेवटी काई-लुननं एक साधी सिस्टीम हुडकून काढली. पानावर बोट ठेवा, लिहा, झालं! खाली बटणं दोनच, ‘दाखवा’ आणि ‘लपवा’.

"यात बिघडण्यासारखं काही नाहीच, काका. बिनधास्त काहीही दाबा!"

इथंच घात झाला.

पान कसं दिसतंय ते बघायला त्यावर काहीतरी मजकूर लागतो. काकांनी नुकतंच त्याला पुसलेलं टेबल पुन्हा पुसायला लावलं होतं. त्या रागात त्यानं ‘मालकांविषयी’ या पानावर लिहून टाकलं, ‘आमचे मालक क्वचित हसतात, तेही दाढ दुखत असली तर. जास्त कोथिंबीर मागणाऱ्याकडे चोराकडे बघावं तसं बघतात. सूप कधीकधी खारट असतं, पण सांगायची कुणाची छाती नाही.’ मग ‘लपवा’ दाबलं आणि साफ विसरून गेला.

काका मात्र भराभर शिकले! सुट्टीची सूचना स्वतः टाकली. मग त्यांना लपवलेलं पान दिसलं. "पोरानं एवढ्या कष्टानं केलंय, लपवून कशाला ठेवायचं?" म्हणाले आणि दाबलं ‘दाखवा’!

पुढच्या वेळी काई-लुन आला, तर रांग पार कोपऱ्यापर्यंत! पोरंपोरी फोन रोखून उभी. "आजोबा, हसू नका हं! असेच राहा!" एकजण मुद्दाम कोथिंबीर मागत होता. काकांनी डोळे वटारले की टाळ्या!

"काय जादू केलीस रे?" यिन-जू घामाघूम होऊन म्हणाली. "बाबा तुझं नाव घेतात, तेही शिवी न देता!"

काई-लुननं फोन उघडला, तर लपवलेलं पान सगळ्या जगाला दिसत होतं! दुपारी दुकान बंद झाल्यावर तो गुपचूप ‘लपवा’ दाबणार, एवढ्यात काकांनी त्याचा दंड धरून त्याला खुर्चीवर बसवलं.

"वाच. ती मुंगीएवढी अक्षरं मला चष्म्यानंही दिसत नाहीत. एवढी गर्दी खेचतंय, ते लिहिलंयस तरी काय?"

"आमचे मालक..." काई-लुननं फोन नाकाजवळ धरला. "आमचे मालक नेहमी हसतमुख असतात."

यिन-जूनं चमकून बापाकडे पाहिलं.

"कोथिंबीर सढळ हातानं देतात..."

"भलतंच काय वाचतोस?" काकू भांडी विसळता विसळता म्हणाल्या. "अख्ख्या बाजाराला पाठ झालंय ते. नीट वाच, खारट सुपापर्यंत."

मग त्यानं खरं ते वाचलं. कान असे तापले की त्यावर सूप उकळलं असतं!

"माझ्या बाबांबद्दल लिहिलंस हे?" यिन-जूनं विचारलं. तिनं एप्रन सोडला आणि ती आत निघून गेली.

"काका, चुकलो. आत्ता काढून टाकतो."

"हात लावू नकोस! दाढेचं खरं आहे. कोथिंबिरीचंही. पण सूप खारट? कधी?"

"एकदाच... वादळाची सुट्टी झाली, त्यानंतर."

"मग प्यालास कशाला?"

"तुमची भीती वाटली. वर आणखी मागून घेतलं."

काकांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "खारटाला खारट म्हणवत नाही, आणि मुलगी मागायला निघालाय!"

मान खाली घालून काई-लुन घरी गेला. सकाळी भीत भीत वेबसाइट उघडली. मजकूर तसाच होता, पण खाली काकांनी टपोऱ्या अक्षरांत भर घातली होती. ‘वरचं खरं आहे, सूप सोडून. हे लिहिणाऱ्या पोराला आमची मुलगी हवी आहे. द्यावी का? गिऱ्हाइकांनी खाली मत लिहावं.’

मत लिहायची सोय या सिस्टीममध्ये आहे, हे खुद्द काई-लुनलाही ठाऊक नव्हतं!

पहिलंच मत होतं, ‘घाई करू नका. यानं घरी कधी साधी वाटी विसळलेली नाही. — मुलाची आई.’

त्या मताला अंगठा एकाच व्यक्तीनं दिला होता. यिन-जूनं!