वैरागडेसाहेबाची काच

आमच्या वैरागडे डॉक्टरच्या खिशात पेन नाही, काच राहे. मायक्रोस्कोपखाली ठेवतात ना, ती बोटभर पट्टी. लाल दिसलं की दाबलंच, लाली हटते का राह्यते ते पाहाले. टमाटर दाबला, कॅन्टीनवाल्याच्या नाकावरची पुटकुळी दाबली. माझ्या साक्षगंधात होणाऱ्या सासऱ्याच्या कपाळावरचा टिळा दाबायले निघाले, मी हातच धरला.

"दाबल्याबिगर बोलाचं नाही गा!" हे त्यायचं पेटंट वाक्य.

मी नागपुरातल्या त्यायच्या दवाखान्यात, त्यायच्या खोलीले लागूनच, चिठ्ठ्या फाडायच्या खिडकीत बसायचो अन् त्यायची नक्कल करायचो. आवाज नाकात, मान वाकडी, काच उजेडाकडे. एकदा मांगं तेच उभे! म्हणे, "माझी मान डावीकडे जाते, उजवीकडे नाही." बस, एवढंच.

लेकरायच्या अंगावरच्या लाल खुणा, रक्ताच्या गाठी, बेडकाच्या अंड्यासारखे पाण्याचे फोड, यात साहेबाचा हात धरणारा कोणी नव्हता. लोक खापरखेड्याहून येत, कुहीहून येत. साहेब मात्र एकटे. लग्न नाही, डबा खानावळीचा.

एक दिवस कुहीची एक आजी नातीले घेऊन आली. संगं सून होती, पण बोलणार आजी. पोर चार महिन्याची, गालावर लालभडक फुगीर खूण.

"ही पोटात असताना हिच्या मायनं चंद्रगिरानात भाजी चिरली," आजी म्हणाली. "येत्या रविवारी तापल्या सळईचा डाग देऊन राहिलो. सून म्हणे, पयले दाखवू."

साहेबानं काच दाबली. पांढरं. सोडली. लाल.

"जन्मली तेव्हा होती?"

"नाही. पंधरा दिवसाची झाली तवा निघाली."

"मग जाणारी आहे. जन्मापासून सपाट असती त राहिली असती. अजून वाढंल, मग थांबंल, मग मधातून पांढरी पडंल. चार-पाच वर्षं लागतीन. डोळ्याजवळ असती त मी गप्प नसतो बसलो. पण इथं औषध लागत नाही."

"औषध नाही, मंग तू डॉक्टर कायचा गा?"

मी खिडकीत फिसकन हसलो.

साहेबानं ड्रॉवरमधून पतंगाचा कागद काढला, पोरीच्या गालावर ठेवला अन् पेन्सिलनं खुणेची कड काढली. "हे औषध. दर महिन्याले असा कागद काढून आणायचा. डाग दिला त गाल जन्मभर आखडंल."

तीन महिन्यांनी खूण दुप्पट! आजीनं कागद टेबलावर आपटले. "वाढली न? आता सळईच!"

साहेब उठले अन् आपला गाल पुढं केला. "दिवाळीपर्यंत मधातून पांढरी नाही पडली, त इथं लावा. गाल माझा, सळई तुमची."

आजीनं तो गाल निरखून पाह्यला. "दाढी करून बस मंग," म्हणे, अन् गेली.

दिवाळीच्या आठ दिवस आधी आजी धापा टाकत हजर. खुणेच्या मधोमध चिमूटभर राखेएवढं पांढरं! तेव्हापासून कागद तीच काढे, सुनेले हात लावू देत नसे. गावात कोणी लेकराले डाग द्यायले निघालं की सळई हिसकून घे. "दाबल्याबिगर बोलाचं नाही!" साहेबाची नक्कल माझ्यापेक्षा भारी.

पोर शाळेत जाणार त्या उन्हाळ्यात तिघीजणी आल्या. मी खिडकी बंद करून आत घुसलो. साहेबानं काच दाबली, सोडली. सारा गाल एकसारखा.

"ही लाली पोरीची सोताची आहे," साहेब म्हणाले. मी बाहेर येऊन रांगेतल्या सगळ्यायले ओरडून सांगितलं, "आमचे डॉक्टर आहेत हे!" जसं काही पोर मीच बरी केली.

आत आलो त साहेबानं सवयीनं पतंगाचा कागद गालावर धरला होता. पेन्सिल फिरून राहिली, पण टेकवायले कडच सापडेना. त्यायनं कोरा कागद घडी करून खिशात ठेवला, काचेजवळ.

"पुढच्या महिन्यात…"

"काहून?" आजी म्हणाली. "बरी झाली न पोर."

"हो. बरोबर. आता कायले."

साहेबाच्या साऱ्या बोलण्याची नक्कल मले येते. हे 'आता कायले' मी कधी करून पाह्यलं नाही.

आजी दारापर्यंत गेली, थांबली, वळली.

"आता आमी नाही येत. आता तू ये कुहीले, जेवायले. अन् दाढी करून ये."

साहेबाची मान डावीकडे गेली, अन् हात आपल्या गालावर.