वाढीचा आदेश आणि पेंडीचा प्रस्ताव

वाढ हा सजीवांचा धर्म आहे. तो पाळला जात नसल्यास टोचता येतो.

कलम १. शास्त्र
वराहांना (कार्यालयात वराह, आवारात डुकरं) वाढीचं संप्रेरक टोचलं की शरीराला हुकूम सुटतो: चरबी कमी, मांस जास्त, लागा कामाला. मांस बनतं प्रथिनांचं. म्हणून सुईबरोबर खुराकातली प्रथिनंही वाढवावी लागतात. नाहीतर गवंडी हजर आणि विटांचा पत्ता नाही. शास्त्र एवढंच आहे. पुढचं सगळं प्रशासन.

कलम २. प्रशासन
आमच्या वराह संवर्धन केंद्रात सुई ‘विकास’ या सदरात येते आणि सोयाबीनची पेंड ‘खाणंपिणं’ या सदरात. विकासाला तत्काळ मंजुरी मिळाली. खाण्यापिण्यात काटकसर चालू होती.

कलम ३ ते ५
(पेंडीच्या मागणीची ही कलमं उंदरांनी खाल्ली. या काळात आवारात दिसलेली वजनवाढ तेवढीच.)

कलम ६. नातेसंबंध
केंद्राचे संचालक हे केंद्राच्या पशुवैद्याचे सासरे. नात्याचा कामावर परिणाम होऊ नये म्हणून ते जावयाला घरीच झापत. वजनाच्या दिवशी डुकरं वाढलेली दिसली नाहीत, तर जावयाची बदली लांबच्या कोंबडी केंद्रावर होणार होती. बायकोला सातवा महिना. त्यामुळे तो दिवसातून दोनदा डुकरांचं वजन करी आणि एकदा बायकोचं.

“बाबा, पेंडीशिवाय नाही वाढणार ती,” तो जेवताना म्हणाला.

“जावईबापू, मनावर घेतलं की सगळं होतं. मी काय पेंड खाऊन मोठा झालो?” तिसरं उकडलेलं अंडं सोलत संचालकांनी विचारलं.

“मग मला का दिवसातून चारदा खायला घालताय?” मुलगी म्हणाली. “मलाही नुसतं सांगा की, बाळ वाढव म्हणून.”

“तू घरची आहेस. डुकरं आस्थापनेवर आहेत.”

कलम ६ (पुन्हा)
पेंडीऐवजी प्रेरणा देण्याचं ठरलं. प्रत्येक कप्प्यात ‘वाढा’ असा फलक चिकटवला. परिणाम: ब्याऐंशी टक्के डुकरांनी दुर्लक्ष केलं, अकरा टक्क्यांनी फलक खाल्ला (खळ पिठाची होती), सात टक्के झोपेत असल्याने तटस्थ धरली.

कलम ७. वजनाचा दिवस
काटा जिथे होता तिथेच. जावयाने मनातल्या मनात बॅग भरली. तेवढ्यात कोठारवाला चाचरत म्हणाला, “साहेब, सुई सुरू झाल्यापासून ही खातातही कमी.” (सुईने भूक मंदावते. हे पुस्तकात आहे; पुस्तक कपाटात आहे; कपाट संचालकांच्या खुर्चीमागे आहे.)

संचालकांनी चष्मा पुसला. “म्हणजे वजन तेवढंच, आणि खाणं कमी?”

“हो, पण बाबा...”

“इथे साहेब म्हणा.”

“साहेब, वाढायचं होतं ना त्यांनी?”

“याला कार्यक्षमता म्हणतात, डॉक्टर.”

प्रयोग यशस्वी घोषित झाला. बदली रद्द. उलट पशुवैद्य आता ‘वरिष्ठ प्रमुख पशुवैद्य’ झाला. (पद ‘विकास’ सदरात. पगार ‘खाणंपिणं’ सदरात, म्हणून होता तेवढाच.)

घरी येऊन त्याने बातमी सांगितली. बायको आधी सुटकेने रडली, मग हिशेबी झाली.

“वरिष्ठ आणि प्रमुख, दोन्ही? मग आज अर्धीच पोळी घे. बाबांना बरं वाटेल.”

आणि तिने त्याला चार पोळ्या वाढल्या.

कलम शेवटचं. वाचकांसाठी
आपण इथवर हसत आलात, केंद्र आभारी आहे. मागे आपल्याही हुद्द्याआधी ‘वरिष्ठ’ लागलं, पगार जागचा हलला नाही. सुई टोचताना डुकरं निदान ओरडली होती. आपण अख्ख्या ऑफिसला मिठाई वाटलीत, तीही पदरच्या पैशांनी.